मामी, ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या नणंदेचा मुलगा दोन वर्षांपासून आमच्याकडे नाशिकला शिकायला आहे. वय वीस. अभ्यासात बरा, घरात मदतीला पुढे, माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीत राहतो. गेल्या महिन्यात त्याची जीन्स मशीनला लावताना खिशात कागदाच्या पुडीत दोन गोळ्या सापडल्या. नाव मोबाईलवर शोधलं तर ‘एचआयव्हीचं औषध’ असं आलं. माझे हातपायच गळाले. गच्चीवर नेऊन विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मामी, मला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून घेतो.” मग बाकीचंही सांगितलं. त्याला मुलं आवडतात. ॲपवर ओळखी होतात, कधीतरी भेटतो. मुंबईला एका मित्राबरोबर जाऊन एकदा डॉक्टरांना दाखवलं, पाच महिने झाले. तेव्हापासून गोळ्या कुरियरने मागवतो. परत तपासणीला गेलेला नाही.

आठवड्यात दोन-तीन गोळ्या राहतातच, असं तोच म्हणाला. माझा मुलगा खोलीत असला की तो डबी काढत नाही. चाळीसगावला आईकडे गेला की नेतच नाही. मी आता रोज रात्री विचारते, घेतलीस का? तो हो म्हणतो. मला खरं वाटत नाही.

माझे प्रश्न असे. ही गोळी कोवळ्या वयात घातक नाही ना? मूत्रपिंडावर परिणाम होतो असं वाचलं. असली गोळी मिळाल्याने पोरं अजून मोकाट होत नाहीत का? माझ्या मुलाला काही धोका? नणंदेला सांगायला हवं का? उद्या कळलं तर वन्सं मला उभी चिरतील. ह्यांनाही अजून बोलले नाही. आणि ही गोळी त्याने जन्मभर घ्यायची का?

– एक मामी, नाशिक

*

मामी,

तुम्ही सहीच ‘एक मामी’ अशी केलीत, तर मीही तुम्हाला मामीच म्हणते. तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत, पण पत्रात सगळ्यात तातडीची गोष्ट प्रश्नात नाहीच, मधल्या ओळींत आहे. पाच महिने तपासणी नाही. बाकी सगळं सावकाश बोलू. हे मात्र याच आठवड्यात.

या औषधाला प्रेप म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं एका गोळीत असतात. विषाणू शरीरात शिरला तरी पेशीत स्वतःच्या प्रती काढू शकत नाही, त्याला पाय रोवता येत नाहीत, अशी ती काम करते. हीच दोन औषधं एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतात, म्हणून मोबाईलने तुम्हाला घाबरवलं. फरक इतकाच की उपचारात त्यांच्या जोडीला तिसरं औषध लागतं. तुमच्या पत्रातली काळजीची जागा नेमकी इथेच आहे. गोळ्या चुकत असताना मधल्या काळात लागण झाली, ती कळलीच नाही आणि तो ही दोनच औषधं घेत राहिला, तर विषाणू त्या औषधांना सरावतो आणि पुढे उपचाराला अडचण होते. म्हणून प्रेप घेणाऱ्याने दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी करायची असते. ती या गोळीचाच भाग आहे. कुरियरवाला बाटली आणून देतो, बोटातून रक्त घेत नाही.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आयसीटीसी आहे, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र. चाचणी मोफत होते, गुप्त राहते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. जायचं त्याने. त्याला हवं असेल तरच तुम्ही सोबत जा, आणि गेलात तरी बाहेरच्या बाकावर बसा. समुपदेशक जे विचारतील त्याची उत्तरं मामीसमोर देता येत नाहीत. समुपदेशक म्हणून अनेक वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होते. सोबत आलेलं माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी ते खोलीबाहेर गेलं की मगच पोराच्या तोंडून पहिलं खरं वाक्य निघतं. तिथे त्याने तीन गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. गोळी कधीपासून घेतो, किती चुकतात, आणि गेल्या महिन्याभरात ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काही झालं का. असं काही झालं असेल तर चाचणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांना भेटल्याशिवाय विषय सोडायचा नाही, कारण अगदी ताजी लागण साध्या चाचणीत लगेच दिसत नाही. आणि तपासणी होईपर्यंत घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायला लावू नका.

आता तुमच्या रोज रात्रीच्या प्रश्नाकडे येते.

‘घेतलीस का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. यात तुमचा भाचा खोटारडा आहे असं नाही. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या तरुण स्त्रियांमध्ये याच गोळीचा एक मोठा अभ्यास झाला होता. २०१२ साली त्याचे निकाल छापून आले. गोळी नेमाने घेता का असं विचारल्यावर सुमारे ९५ टक्के जणी हो म्हणाल्या. रक्त तपासलं तेव्हा औषध सापडलं ४० टक्क्यांहूनही कमी जणींच्या रक्तात. ना त्या वाईट होत्या, ना विचारणारे दुष्ट. समोरच्याला जे ऐकायचं आहे ते माणूस सांगतो, आणि समोरचं माणूस जितकं काळजीत तितकं लवकर सांगतो. तुम्ही दाराशी उभ्या राहून विचारता, आतल्या पलंगावर धाकटा मोबाईल बघत लोळतोय, अशा वेळी तो बिचारा ‘नाही’ म्हणेल तरी कसा?

मग करायचं काय? गोळ्या मोजा, पण त्याच्यासोबत. आठवड्यातून एकदा, घरात गर्दी नसताना, चहा घेता घेता. त्याने डबी आणावी, त्यानेच मोजाव्यात आणि तुम्ही फक्त एवढंच विचारावं की, “या आठवड्यात कुठल्या दिवशी अडलं?” ‘का नाही घेतलीस’ नाही, ‘कुठे अडलं’. त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. खोलीत भाऊ असतो. म्हणजे बिघाड पोराच्या इच्छेत नाही, जागेत आहे. आणि घरातली जागा तुमच्या हातात आहे.

गोळ्यांची बाटली खडखडते, तिच्यावर औषधाचं नाव ठळक छापलेलं असतं. भाऊ झोपल्याशिवाय ती काढता येत नाही आणि हल्ली चौदा वर्षांची मुलं लवकर झोपत नाहीत. म्हणून तो पुड्या करून खिशात ठेवतो आणि त्या तुमच्या वॉशिंग मशीनपर्यंत येतात. त्याला आठवड्याच्या वारांची छोटी गोळ्यांची डबी आणून द्या, मेडिकलमध्ये मिळते. रविवारी सात गोळ्या तिच्यात. मूळ बाटली, आतली ओल शोषणारी पुडी न फेकता, घट्ट झाकण लावून त्याच्या कुलपाच्या कप्प्यात. कप्पा नसेल तर तुमच्या कपाटात एक खण रिकामा करून किल्ली त्याला द्या. दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवू नका. ठेवली तर एक ना एक दिवस तुम्ही उघडणारच. मीही उघडली असती.

वेळही त्याच्या रोजच्या एखाद्या सवयीला बांधून घ्यायची. ही गोळी उपाशीपोटी घ्यावी लागत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मळमळ, पोटात गॅस, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. तसं असेल तर रात्रीच्या जेवणानंतर बरी पडते. दात घासायला बाथरूममध्ये गेला की तिथेच घ्यायची, आतून कडी असते, कोणी बघत नाही. मोबाईलवर गजर लावायचा तर त्यावर गोळीचं नाव नको, ‘चार्जर’ असं काहीही लिहावं. एक गोळी कायम कॉलेजच्या सॅकमध्ये, रात्री बाहेर राहायची वेळ आलीच तर. घरात बीपीची गोळी कुणी घेत असेल तर ती फ्रीजवर असते, सगळ्यांना माहीत असते आणि म्हणून सहसा चुकत नाही. या गोळीला ती उघडी जागा मिळत नाही, सगळा त्रास त्याचाच.

चुकणाऱ्या गोळ्यांबद्दल थोडं नेमकं सांगते, म्हणजे तुम्ही उगाच घाबरणार नाही आणि तो उगाच निर्धास्त राहणार नाही. पुरुषांमध्ये झालेल्या एका मोठ्या पाठपुराव्यात ज्यांच्या रक्तात आठवड्याला चार किंवा त्याहून जास्त गोळ्यांइतकं औषध होतं, त्यांच्यात एकालाही लागण झाली नाही. म्हणजे मंगळवारची राहिली म्हणून बुधवारी जग बुडत नाही. आठवलं की घ्यायची आणि पुढचा नेम चालू. पण तुमचा भाचा दोन-तीन चुकवतो, म्हणजे चार-पाचवर आहे, अगदी काठावर. एखाद्या वाईट आठवड्यात तीन होतात, परीक्षेच्या दिवसांत दोन. म्हणून लक्ष्य रोजचंच ठेवायचं. नेमाने घेतल्यास शरीरसंबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. हा आकडा घेतलेल्या गोळ्यांचा आहे. कप्प्यात पडून राहिलेल्या गोळ्यांचा कुठलाच आकडा नाही.

आणखी एक मार्ग आहे, तो त्याला माहीत नसावा. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसंगापुरती घ्यायची पद्धतही मान्य केली. संबंधाआधी २ ते २४ तासांच्या आत दोन गोळ्या एकदम, मग पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. जो महिन्यातून एखाद वेळी, आधी ठरवून भेटतो त्याला ही सोयीची आहे. मात्र काविळीच्या बी विषाणूची लागण असेल तर ही पद्धत चालत नाही, आणि स्त्रियांसाठी ती नाहीच. ज्याचं भेटणं ऐनवेळी ठरतं त्यालाही ती दगा देते, आणि विसाव्या वर्षी ऐनवेळी काय काय ठरतं हे मी तुम्हाला सांगायला नको. कोणती पद्धत घ्यायची ते त्याने डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून ठरवावं. दोन्हींची मनाने भेळ करू नये.

चाळीसगावचंही याच धाग्यात सांगते. तिथे खरोखर काही घडणार नसेल तर डॉक्टरांना विचारून, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस गोळी घेऊन सुट्टीपुरती थांबवता येते आणि परत सुरू करताना दोन गोळ्यांनी सुरू करता येते. म्हणजे दिवाळीत डबी नेली नाही हा काही गुन्हा नव्हे. फक्त ते ठरवून केलेलं असावं, आईच्या भीतीने राहून गेलेलं नसावं. आणि हो, ॲप चाळीसगावातही चालतं.

गोळ्यांत खंड पडलेला असताना धोक्याचा प्रसंग घडलाच, निरोध फाटला, जबरदस्ती झाली, काहीही, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे २८ दिवसांचं वेगळं औषध सुरू करतात, त्याला पेप म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं, सकाळची ओपीडी उघडायची वाट बघत बसू नये. हे त्याला आजच सांगून ठेवा. त्या रात्री त्याला मोबाईलवर शोधत बसावं लागू नये आणि ‘मामी काय म्हणेल’ या विचारात दोन दिवस जाऊ नयेत.

मूत्रपिंडाचा प्रश्न रास्त आहे. टेनोफोव्हिरने काही थोड्या लोकांत मूत्रपिंडाचं काम मंदावतं, म्हणून सुरू करताना क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी. तिशीच्या आतल्या, दुसरा आजार नसलेल्या माणसात हा धोका फार कमी असतो आणि गोळी थांबवल्यावर बहुतेकांचं काम पूर्ववत होतं. हाडांची घनताही किंचित कमी होऊ शकते, तीही गोळी थांबवल्यावर भरून येते. कोवळ्या वयाचं म्हणाल तर अमेरिकेत ही गोळी प्रौढांना २०१२ मध्ये आणि किमान ३५ किलो वजनाच्या किशोरांना २०१८ मध्ये मान्य झाली. तुमचा भाचा जिमला जातो का? जात असेल तर क्रिएटिन पावडर घेतो का आणि अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वरचेवर खातो का, हे डॉक्टरांना सांगायला लावा. पावडरीने तपासणीचा आकडा फसवा वाढू शकतो आणि त्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला खरोखरच जड पडतात. आपल्याकडची पोरं प्रेपला घाबरतात आणि जिममधल्या दादाने दिलेला डबा डोळे मिटून पितात, हे मी कितीदा पाहिलं आहे.

काविळीच्या बी विषाणूची तपासणी झाली आहे का तेही विचारा. झाली नसेल तर करून घ्यायलाच हवी, कारण हे औषध त्या विषाणूवरही काम करतं आणि लागण असलेल्या माणसाने ते अचानक बंद केलं तर यकृताला सूज येऊ शकते. लागण नसेल तर लस टोचून घ्यावी.

मोकाट होण्याबद्दल. मामी, तो गोळी मिळाली म्हणून मुलांना भेटायला लागला नाही. भेटत होता, म्हणून गोळी शोधली. विसाव्या वर्षी, कुणी न सांगता, मुंबईला जाऊन डॉक्टरसमोर बसून हे सगळं तोंडाने सांगायचं, याला काळीज लागतं. त्याच्या दुप्पट वयाचे, बायकापोरं असलेले कितीतरी पुरुष आयुष्यात एकदाही चाचणी करत नाहीत. तुम्हाला त्याचं वागणं पटत नसेल तर तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा, तो तुमचा हक्क आहे. पण ते मत गोळीवर काढू नका. गोळी अडवली म्हणून भेटणं थांबणार नाही, फक्त संरक्षण थांबेल. एक गोष्ट त्याने समजून घ्यायला हवी. ही गोळी फक्त एचआयव्ही अडवते. सिफिलिस, गनोरिया अडवत नाही. त्यासाठी निरोधच, आणि तीन महिन्यांच्या फेरीत या आजारांचीही तपासणी. सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते ती याचसाठी.

तुमच्या मुलाला काहीही धोका नाही. भाच्याला एचआयव्ही आहे असं कुठे ठरलेलंच नाही. आणि उद्या असता तरी एका खोलीत झोपल्याने, टॉवेलने, ताटाने, संडासाने तो पसरत नाही. हा विषय इथेच संपला.

आता वन्सं. हा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे हे मला कळतं. नणंदेचं पोर घरात ठेवणं ही जबाबदारी असते, आणि काही झालं तर बोल भावजयीलाच लागतो. तरीही माझं उत्तर स्पष्ट आहे. तुम्ही सांगायचं नाही. तो सज्ञान आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यापासून त्याच्या आवडीत बेकायदा काही नाही. आणि गोळीबद्दल सांगायचं तर तो कोणाशी संबंध ठेवतो हे सांगावंच लागतं, म्हणजे तुम्ही एक नाही, दोन गुपितं उघडी करणार. ते बोलायचं तेव्हा तो बोलेल, किंवा नाही बोलणार. त्याआधी तुमच्या तोंडून गेलं तर वन्सं तुम्हाला धन्यवाद देतील असं समजू नका. आणि तो पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही, हे मात्र नक्की समजा.

पण खोटंही रचू नका. ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत’ असं एकदा सांगितलंत की पुढची दहा वाक्यं तेच खोटं सांभाळण्यात जातात. वन्संनी चाळीसगावला डबी पाहिली आणि फोन केला, तर “त्याला विचारा, मी त्याला तुमच्याशी बोलायला सांगते” एवढंच. आणि त्याला आधीच विचारून ठेवा की, “तुझ्या आईच्या हाती ही गोळी लागली तर तू काय सांगणार?” तीही मोबाईलवर शोधणार, तिलाही तुमच्यासारखंच ‘एचआयव्हीचं औषध’ दिसणार आणि तिच्या मनात क्षणात सगळं संपलेलं असणार. त्या क्षणासाठी त्याच्याकडे एक तयार वाक्य हवं. तुम्हाला गच्चीवर म्हणाला तेच चालेल, फार चांगलं वाक्य आहे ते.

(हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरातलं मूल अठराच्या आतलं आहे, त्यांनी मात्र हाच सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तिथे पालकांची संमती आणि पोक्सो कायदा दोन्ही येतात, डॉक्टरांवर कळवण्याचं बंधन असतं. त्यांनी आधी समुपदेशकाशी बोलावं.)

जन्मभराचं म्हणाल, तर नाही. धोका आहे तोवर. उद्या त्याला एकच साथीदार मिळाला, दोघांनी तपासणी करून घेतली आणि दोघंही एकमेकांशीच राहिले तर ही गोळी सोडता येईल, डॉक्टरांना विचारून. पुढे गरज पडली तर परत सुरू, आधी चाचणी करून. आणि गोळीच राहील असंही नाही. लेनाकापाविर नावाचं सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि लगोलग जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींमध्ये झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ज्यांच्याकडे गोळी ठेवायला कप्पाच नाही अशांसाठी ते वरदान आहे. त्याच्या स्वस्त प्रती बनवण्याचा परवाना सहा कंपन्यांना मिळाला आहे, त्यांत आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. पण ते हाताशी येईपर्यंत आज गोळीच आहे.

कुरियरच्या बाटलीऐवजी त्याला माणूस मिळवून द्या, ही माझी शेवटची मोठी सूचना. अमेरिकेत १८ ते २२ वयाच्या २०० तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात पहिले तीन महिने त्यांना दर महिन्याला बोलावलं, तोवर रक्तातलं औषध चांगलं होतं. मग भेट तीन महिन्यांवर नेली आणि ते घसरलं. औषध तेच, पोरंही तीच. या वयात तीन महिने म्हणजे फार लांबचं प्रकरण असतं. म्हणून चाचणी तीन महिन्यांनी असली तरी मधे कुणीतरी महिन्याला फोन करणारं हवं आणि ते कुणीतरी तुम्ही नसलेलं बरं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी पुरुषांसोबत काम करतो आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे. तिथे त्याच्यासारखीच मुलं असतात, जिच्यात लाज वाटत नाही अशी भाषा असते आणि नाशिकमध्ये कोणाकडे जावं हेही ते सांगू शकतात. १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा, टोल फ्री नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पैशांचंही हळूच विचारा. एचआयव्ही झालेल्यांना सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळतं, पण होऊ नये म्हणून घ्यायची ही गोळी तशी सरसकट मिळत नाही, बहुतेकांना ती विकत घ्यावी लागते. महिना अखेरीला विद्यार्थ्याचा खिसा रिकामा असतो, आणि ‘विसरलो’ असं तो जे सांगतो त्यातल्या काही दिवशी बाटली संपलेली असू शकते. मोफत सोय मिळाली तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा हैदराबाद, कल्याण आणि पुण्याचे ट्रान्स व्यक्तींसाठीचे दवाखाने एका झटक्यात बंद पडले होते. त्यामुळे हातात आठ-दहा गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या बाटलीची सोय झालेली असावी. रविवारी मोजताना हेही आपोआप कळेल. तुम्हाला शक्य असेल तर एखाद्या महिन्याचे पैसे द्या, वाढदिवसाचे म्हणून द्या हवं तर.

आणि ‘ह्यांना’ सांगायचं का? भाच्याला विचारा. तुमच्या नवऱ्याचा स्वभाव तुम्ही जाणता, मी नाही. मामा समजूतदार असतील तर घरात दुसरं माणूस असणं तुमच्यासाठीही चांगलं, कारण सध्या तुम्ही हे सगळं एकट्या पोटात घेऊन स्वयंपाक करताय, डबे भरताय आणि रात्री जाग्या राहताय. तो नको म्हणाला तर नको. पण तुम्हाला बोलायला कुणीच नाही असं होऊ देऊ नका. १०९७ वर फक्त औषध घेणाऱ्यांनीच फोन करायचा असा नियम नाही. दुपारी दोघंही घराबाहेर असताना स्वतः लावा आणि मला लिहिलंत तेच त्यांनाही सांगा.